उंबराखालची झोळी

अंबूबाईच्या हातच्या गाठीला नाव ठेवणारा माणूस त्या डोंगरपट्ट्यात अजून जन्माला यायचा होता. तीन पोरं तिनं झोळीत वाढवली. तीही घरात आढ्याला बांधलेल्या झोळीत नाही, तर परमुलखात, परक्याच्या झाडाला. भात कापून झालं की पाड्यावरची निम्मी माणसं टेम्पोत बसून निफाड-विंचूरकडं द्राक्षाच्या बागांत कामाला जायची. आई दिवसभर बागेत, बांधावरच्या बाभळीला लुगड्याची झोळी आणि झोळीत पोर. दुसऱ्या बायकाही म्हणायच्या, अंबे, माझीबी बांधून दे गं, तुझी गाठ सुटत नाय. आणि ती द्यायची बांधून. उगाच बढाई नाही, पण इतक्या वर्षांत तिच्या झोळीतून एक पोर कधी पडलं नाही.

पण झोळीचे काही नियम होते आणि ते मोडलेले अंबूबाईला खपत नसत. पोर उचललं की झोळी सोडायची. लुगड्याची घडी घालून ठेवायची. रिकामी झोळी लोंबत ठेवायची नाही आणि हलू तर मुळीच द्यायची नाही. रिकामा पाळणा हलवला की बाळाचं पोट दुखतं, हे तुम्ही-आम्हीही ऐकलेलं आहेच, बहुतेकांनी पाठीत धपाटा खाऊनच ऐकलंय. अंबूबाईच्या आईनं त्याला आणखी एक पुरवणी जोडली होती. घरात कुणी पोटुशी असेल, तर रिकाम्या झोळीला वाराही लागू द्यायचा नाही. इकडं वारा झोळी हलवतो आणि तिकडं पोटातलं जागचं हलतं.

आता अशा बाईच्या नशिबी काय यावं? तर बारा झोळ्यांचा कॅम्प!

पाड्याच्या खाली, धरणाचं पाणी फुगून जिथं डोंगराच्या पायाशी येतं, तिथं नाशिकच्या कुणा मंडळींनी तीन वर्षांपूर्वी जागा घेतली. तंबू आले, दिव्यांच्या माळा आल्या आणि झाडाझाडांमध्ये रंगीत कापडाच्या झोळ्या आल्या. त्यांना हॅमॉक म्हणायचं. ज्यांच्या घरी वीतभर जाडीच्या गाद्या आहेत अशी माणसं पैसे मोजून झोळीत झोपायला येऊ लागली. पहिल्या दिवशी अंबूबाईला इतकं हसू आलं की तिनं पदर तोंडात कोंबला. "एवढाले बापे झोळीत! आता ह्यांना अंगाई कोण म्हणंल?"

तिचा धाकटा मुलगा किशोर कॅम्पवर ह्या हॅमॉकचं सगळं बघायचा. त्याची बायको साधना स्वयंपाकघरात नागलीच्या भाकरी थापायची आणि अंबूबाई झाडलोट करायची. तिघांचंही पोट तिथंच होतं. देखरेखीला नाशिकच्या स्नेहल मॅडम, त्या शनिवार-रविवारी येत आणि बाकीचे दिवस फोनवरून हुकूम सोडत.

किशोर पाहुण्यांना झोपायला शिकवायचा तेव्हा ऐकण्यासारखं असायचं. "सरळ नका झोपू साहेब. सरळ झोपलं की कंबर वाकते, माणसाचं केळं होतं. जरा तिरके व्हा. डोकं ह्या कोपऱ्याकडं, पाय त्या कोपऱ्याकडं. हां, आता बघा पाठ कशी सपाट झाली. झोळी कधी ताणून बांधायची नसते. झोल ठेवायचा. झोल असला की झोप लागते." मग तो पाहुण्यांच्या अंगाखाली एक रजई सरकवायचा, कारण झोळीत थंडी वरून नाही, खालून येते. हे सगळं तो आईकडूनच शिकला होता. त्याला वाटायचं आपण व्हिडिओ बघून शिकलो. असो.

तर कॅम्प सुरू झाला दिवाळीनंतर. शिमग्याला साधनाचं पहिलं पोटातच गेलं. तिसरा महिना होता. पुढच्या वर्षी संक्रांतीच्या आसपास दुसरं गेलं, ते पाचव्या महिन्यात. डॉक्टरीणबाईंनी कारणं सांगितली, रक्त कमी आहे, गोळ्या वेळेवर घ्या, जड उचलू नका. साधना दहावीपर्यंत आश्रमशाळेत शिकलेली, तिनं सगळं ऐकलं आणि पाळलंही. अंबूबाईनं मात्र बोटांवर मोजून दुसराच हिशोब केला. आपल्या घरात कधी कुणाचं असं झालं नव्हतं. मग झालं कधी? बारा झोळ्या दिवसभर रिकाम्या हलायला लागल्यावर.

तुम्ही हसाल. हसा खुशाल. पण दोन नातवंडं हातची गेलेल्या बाईसमोर हसून दाखवा.

आणि आता ह्या खेपेला साधनाला सातवा लागला होता. इथपर्यंत पहिल्यांदाच निभावलं होतं. अंबूबाईचा जीव थाऱ्यावर नव्हता. रोज सकाळी ती सुनेच्या तोंडाकडं बघून दिवसाचा अंदाज घ्यायची. हे एक मूल धडपणी घरात यावं, बास, देवाकडं दुसरं काही मागायचं नाही असं तिनं ठरवून टाकलं होतं.

साधनाचं दुखणं निराळंच होतं. तिला झोप नव्हती. जमिनीवर आडवं झालं की कंबर भरून यायची, खाटेवर झालं की पाठीत कळ यायची. ह्या कुशीवरून त्या कुशीवर करण्यात पहाट व्हायची. डोळे खोल गेले, भाकरी थापता थापता ती डुलक्या घ्यायला लागली. एकदा तव्यावर हात टेकला.

तेव्हा एका दुपारी किशोरनं पाण्याकडच्या दोन सागांमध्ये एक हॅमॉक नीट झोल देऊन बांधला, आत रजई घातली, बायकोला डाव्या कुशीवर तिरकं झोपवलं आणि पाठीशी उशी लावली. साधना दोन तास झोपली. घोरली म्हणे.

अंबूबाईनं तिला तिथं पाहिलं आणि ती धावतच आली. तिनं सुनेला हाताला धरून उठवलं. "ऊठ! ऊठ आधी! झोळीत कोण झोपतं ठावं हाय ना तुला? पोर झोपतं, न्हायतर दवाखान्यात न्यायचं माणूस. तुझा सासरा ह्याच डोंगरावरून झोळीतून खाली गेला आन् त्याच झोळीतून माघारी आला. पोटुशी बाई झोळीत झोपती व्हय?"

"आत्या," साधना म्हणाली. सासूला ती आत्या म्हणायची. "पण झोप लागली वो मला. किती दिसांनी लागली."

ते तिनं असं म्हटलं की दगडालाही कीव यावी. पण अंबूबाई घाबरलेली होती आणि घाबरलेलं माणूस रागावलेल्यापेक्षा वाईट. ती किशोरला बोलली, सुनेला बोलली, मग चार दिवस कुणाशीच बोलली नाही. साधना पुन्हा झोळीकडं फिरकली नाही. दोघी एकाच चुलीपाशी बसायच्या, कामापुरतं बोलायच्या, मीठ दे, पाणी दे, इतकंच. अंबूबाईला ते सलायचं. गोड बोलावं असं शंभरदा मनात यायचं, पण माघार घ्यायची कशी हे तिला आयुष्यात कुणी शिकवलं नव्हतं.

राहिला प्रश्न रिकाम्या झोळ्यांचा. पाहुणे अकराला जात, नवे चारला येत. मधले पाच तास बाराच्या बारा झोळ्या वाऱ्यावर. आधी अंबूबाईनं त्या सोडून ठेवायला सुरुवात केली. स्नेहल मॅडम कडाडल्या, "मावशी, लोक आल्या आल्या फोटो काढतात. हॅमॉक लावलेलेच दिसले पाहिजेत!" बरं बाई, लावलेले तर लावलेले. मग अंबूबाईनं डोकं चालवलं. झोळीच्या एका टोकाचा हूक झाडाला बांधलेल्या पट्ट्यातून काढायचा आणि ते टोक सुतळीनं पट्ट्याला आवळून टाकायचं, असं करकचून की कापड ढोलासारखं ताणलं जाईल. दुरून बघितलं तर झोळी लावलेली. वारा आला तर जागची हलत नाही. चारच्या आत विळ्यानं सुतळ्या कापायच्या, हूक पुन्हा अडकवायचे, की झालं. महिनाभर ती हे करत होती. कुणाला पत्ता नव्हता. मॅडम खूश, झोळ्या गप्प, आणि पोटातलं लाथा मारतंय असं साधना किशोरला सांगताना तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं. आपला उपाय लागू पडला अशी तिची खात्री पटली.

आणि मग तो शनिवार आला.

किशोर पाड्यावरच्या फकिराच्या जीपमधून बाजारहाटाला गेला होता. साडेबाराला मॅडमचा फोन आला. "मावशी, आज लहान मुलं आहेत. स्वयंपाकघराजवळ उंबराखाली तो छोट्यांचा हॅमॉक लावून ठेवा. खाली लावा हं, जमिनीपासून फार उंच नको. मी वाटेत आहे, चारपर्यंत पोचते."

अंबूबाईनं झोळी आणली. उंबर आणि त्याच्याशेजारचा आंबा, दोघांना किशोरनं बांधलेले पट्टे होतेच, तिनं एका बाजूला हूक अडकवला, दुसऱ्या बाजूला नेहमीसारखी सुतळी. किशोर यायच्या आत आपण घालू हूक. पण पाण्यावरचा वारा नेमका तिथंच येत होता. ताणलेलं कापडसुद्धा फडफडायला लागलं, आणि तेही साधनाच्या डोळ्यांपुढं, स्वयंपाकघराच्या दारात. हे काही बरं नाही. अंबूबाई स्वयंपाकघरामागच्या आपल्या खोलीत गेली, आपली स्वतःची गोधडी आणली आणि तिची जाड घडी करून झोळीत पसरली. वजन पडलं. झोळी थांबली. रिकामीही राहिली नाही.

वळून बघते तर साधना दारात उभी. हात पिठानं भरलेले. ती सासूकडं बघून हसली. कितीतरी दिवसांनी हसली. अंबूबाईला कळलं नाही हिला हसायला काय झालं, पण बरं वाटलं. तीही थोडीशी हसली, जमेल तशी, आणि खराटा घेऊन पाण्याकडच्या तंबूंच्या दिशेनं निघून गेली. चालता चालता तिनं ठरवून टाकलं, आज संध्याकाळी सुनेच्या पायाला तेल लावून द्यायचं.

तिसरा तंबू झाडत होती तेव्हा आवाज आला. धप्प. बाकी काही नाही. ना किंकाळी, ना हाक. हाक आली असती तर ती एवढी घाबरली नसती. खराटा टाकून ती पळत सुटली.

साधना उंबराच्या मुळ्यांवर एका कुशीवर पडली होती. डोळे मिटलेले, दात आवळलेले, एक हात पोटावर. झोळीचं एक टोक तिच्या पायांवर पडलं होतं. दुसरं टोक अजून आंब्याला धरून होतं. उंबराच्या पट्ट्याला सुतळीचा तुटका फास लोंबत होता.

आता ऐका. ह्यापुढचं सांगायला जिभेला जड जातं, पण लपवून काय उपयोग? अंबूबाईनं आधी सुनेला उचललं नाही. तिनं आधी तो सुतळीचा फास ओढून काढला आणि कनवटीला खोचला. डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं ते. विचार केला आणि मग केलं असंही नाही, हात आपोआप गेला. मग ती खाली बसली आणि तिनं बोंब ठोकली, "धावा रे! धावा! माझी पोर पडली!"

पाड्यावरून माणसं उतरली. कॅम्पपर्यंत गाडीवाट नाही, वरच्या डांबरी रस्त्यापर्यंत चढच चढ. किशोरला फोन लागला, जीप घाट चढून येतच होती. चंदर, शेजारचा, खांद्यावर वेळूचा दांडा घेऊन आला, ती पडलेली झोळी त्यानंच उचलली आणि अंबूबाईपुढं धरली. "अंबूकाकी, बांध झटक्यानं. तुझ्यासारखी पक्की गाठ कुणाला येत नाय."

पाड्यावरचं प्रत्येक दुखणाईत तिनंच बांधलेल्या झोळीतून रस्त्यापर्यंत गेलेलं. ती पुढं झाली. कापडाचं टोक तिनं दांड्यावरून घेतलं आणि तिच्या बोटांना पुढचं आठवेना. डावं वर की उजवं? तिनं कापड गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "काकी!" चंदर ओरडला आणि त्यानं कापड तिच्या हातातून हिसकून घेतलं. गाठ त्यानं मारली. चौघांनी दांडा उचलला, साधना आत कण्हत होती, आणि अंबूबाई मागून चढत होती. एक हात तिनं साधनाच्या पाठीखाली धरला होता. आता तरी सुटू नये म्हणून. चढ संपेपर्यंत तिनं तो हात काढला नाही.

तालुक्याच्या दवाखान्यात बघितलं आणि पुढं नाशिकला पाठवलं. नाशिकच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र ठेवलं. अंबूबाई दाराच्या फटीतून बघत होती. किती वेळ काहीच ऐकू येईना. मग धकधक धकधक असा आवाज आला, लहानशा घोड्याच्या टापांसारखा, आणि तिनं जागच्या जागी हात जोडले. बाळ होतं. पण कळा सुरू झाल्या होत्या. "आत्ता झालं तर फार लहान आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कळा थांबवायला इंजेक्शन दिलंय. दोन दिवस जपायचे. बघू."

बायकांच्या वॉर्डात पेशंटसोबत एकीलाच राहू देत. किशोर बाहेर पायरीवर बसला. अंबूबाई त्याला चहा द्यायला आली तर त्यानं पेला हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.

"आये, म्याच केलं हे."

"काय बोलतो?"

"सकाळी जाताना घाई झाली. तिथले पट्टे म्याच बघायला पाहिजे व्हते. माझ्याच पट्ट्याचा हूक सटकला असंल. तिला झोळीची सवय म्याच लावली. तू सांगत व्हती, झोळीत झोपवू नको. तुझं ऐकलं असतं तर..." आणि तो रडायला लागला. एवढा बाप्या, पायरीवर बसून, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर रडायला लागला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. स्नेहल मॅडम. त्याही त्यालाच बोलल्या. हॅमॉक तुझी जबाबदारी होती किशोर, असं बोलल्या आणि त्यानं "हो मॅडम, चूक माझी" असं म्हणून फोन ठेवला.

बोलायची वेळ हीच होती. अंबूबाईलाही ते कळत होतं. पण चोराच्या मनात चांदणं. आत्ता बोलले तर पोरगा काय म्हणंल, पाड्यावर काय म्हणतील, सून उठून माहेरी जाईल आणि पुन्हा तोंड बघणार नाही. तिनं पेला उचलून पुन्हा त्याच्या हातात दिला. "चहा घे. गार होतो," म्हणाली. आपल्याच मुलासमोर आपण इतके हलकट होऊ शकतो हे तिला साठाव्या वर्षी कळलं.

साधना काही बोलत नव्हती. सलाईन लावलेलं, डाव्या कुशीवर, भिंतीकडं तोंड. विचारलं तर हूं, नाही तर ते पण नाही. अंबूबाई खाटेखाली फरशीवर बसून राहिली. देवाला तिनं नवस बोलायला घेतला आणि मध्येच सोडून दिला. नवस बोलायला तोंड तरी चांगलं हवं.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तपासलं. कळा थांबल्या होत्या. बाळाचे ठोके चांगले होते. "सुटलात," त्या म्हणाल्या. "पण अजून बाहेर पडला नाहीत, हे ध्यानात ठेवा. आता दिवस भरेपर्यंत हिनं पडून राहायचं. काम नाही, चढ-उतार नाही. आणि घरातल्यांनी हिला झोप मिळेल असं बघायचं. काय अंग हे, झोपेविना वाळलीय पोरगी."

अंबूबाईनं बाहेर जाऊन किशोरला सांगितलं. तो उठला, त्यानं आईच्या पायाला हात लावला आणि आनंद झालेला असूनही त्याचं तोंड काही उजळेना. "आये," तो म्हणाला, "झोळीचं काम म्या सोडतो. पुन्हा गाठीला हात लावणार नाय. माझ्या हातचं आता मलाच भरवशाचं वाटत नाय." असं म्हणून तो आपल्याच हातांकडं बघत राहिला.

ते मात्र अंबूबाईला बघवेना. इतकी वर्षं जगलेली बाई, लाजेपायी पोराचे हात गहाण टाकते काय? ती तशीच मागं फिरली आणि वॉर्डात गेली. साधना जागी होती. अंबूबाई खाटेच्या त्या बाजूला गेली, भिंत आणि खाट ह्यांच्या सांदीत, म्हणजे सुनेच्या तोंडासमोर. कनवटीचा सुतळीचा तुकडा तिनं काढला आणि चादरीवर ठेवला.

"किशोरनं काय केलं नाय," ती म्हणाली. "हूक म्या काढला. सुतळी म्या बांधली. वाऱ्यानं हलू नये म्हणून. रिकामी झोळी हलली की तुझ्या पोटाला बाधंल असं वाटलं मला. महिनाभर करत व्हते. तू त्यात झोपशील असं ध्यानीमनी नव्हतं गं. आन् तू पडली तवा..." तिनं सुतळीवर बोट ठेवलं. "तवा म्या आधी ही सुतळी काढली. मग तुला उचललं. आता तुला काय बोलायचं ते बोल. मार मला. माहेरी जायचं तर जा, म्याच पोचवते."

साधना सुतळीकडं बघत राहिली. शेजारच्या खाटेवरच्या बाईची आई स्टीलच्या डब्याचं झाकण उघडायला झटत होती.

"ठावं हाय मला," साधना म्हणाली.

"काय?"

"तुम्हीच बांधली ते. म्या दारातून बघत व्हते ना." ती हळू बोलत होती, दम खात. "तुम्ही झोळी बांधली, ती बी खाली, मला पाय टेकवता येईल अशी. मग खोलीत गेल्या आन् तुमची गोधडी आणून घातली. मला वाटलं, आत्यांचा राग गेला. मला झोप नाय म्हणून माझ्यासाठीच बांधली. तोंडानं बोलता येत नाय त्यांना, म्हणून अशी."

अंबूबाईनं तोंडावर पदर घेतला.

"ह्यांनी बांधली असती ना," साधना म्हणाली, "तर ओढून बघितली असती. ह्यांच्या गाठी म्या रोज ओढून बघते, हसतात मला. तुमची व्हती म्हणून नाय बघितली."

अंबूबाईनं शिव्यांची तयारी करून ठेवली होती. लाथ मारली असती तरी तिनं ती घेतली असती. ह्याची मात्र तिनं तयारी केली नव्हती. ती खाटेची कड धरून उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी चादरीवर पडत राहिलं.

साधनानं अंग हलवलं आणि तोंड वेडंवाकडं केलं. "आत्या, हे अंग अवघडलं. जरा सरळ व्हायचंय. धरा मला."

अंबूबाई मागं सरली. "थांब, नर्सबाईला बोलावते. माझ्यानं नको."

"नर्सबाई कवा येतील. धरा."

"माझे हात..."

"धरा वो आत्या. घट्ट धरा."

अंबूबाईनं दोन्ही हात सुनेच्या पाठीखाली घातले. ते लटलट कापत होते, आणि साधनाला ते पाठीला जाणवतही होतं. तरी तिनं आपलं सगळं वजन त्या हातांवर सोडलं.